दुकानातले कॉम्प्युटर नव्या विंडोजवर नेताना: अ‍ॅडमिन तुम्हीच आहात

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा होता: "सर, विंडोज १० बंद झालं म्हणतात, माझं तर चालतंय. मग बदलू का?" व्हिडिओत बारा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितोय. जरा लांबलंय, पण चहा घेऊन वाचा, कारण यातली एखादी गोष्ट राहिली तर दोन दिवस बिलिंग बंद पडू शकतं. मी ते भोगलंय.

आधी नेमकं काय झालंय ते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडलं नाही आणि पडणारही नाही. फक्त दर महिन्याला जी सुरक्षेची दुरुस्ती फुकट यायची, ती आता येत नाही. म्हणजे दुकानाचं शटर आहे, कुलूप आहे, पण त्या कुलपाची चावी बाजारात कुणाला सापडली तर कुलूप बदलून देणारा आता कोणी नाही. डिफेंडरच्या व्हायरस-यादीचे अपडेट २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, म्हणून बरेच जण निवांत आहेत. पण अँटिव्हायरस चोर ओळखतो, भिंतीतलं भोक बुजवत नाही.

"माझ्या छोट्या दुकानात कोण येणार हॅक करायला?" हे मला दर बॅचला ऐकावं लागतं. २७ जून २०१७ आठवा. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि त्याच दिवशी आपल्या न्हावा-शेव्याला जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मुंबईतलं कोणी त्यांच्या डोळ्यांपुढेही नव्हतं. असा व्हायरस गिऱ्हाईक बघून येत नाही, उघडं दार बघून येतो. त्यातलं एक दार बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांच्या मशीनवर ती चढली नव्हती तिथून तो आत घुसला आणि मग शेजारच्या मशीनचे पासवर्ड चोरून पुढे सरकला. मर्स्कला नंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने बसवावे लागले. आणि गंमत बघा, त्यांच्या नेटवर्कचा मुख्य डेटा वाचला तो घानाच्या ऑफिसातल्या एका सर्व्हरमुळे, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कवरून तुटला होता. लोडशेडिंगचा एवढा फायदा आणखी कुणाला झाला नसेल. बॅकअप नेटवर्कपासून तुटलेला का हवा, हे त्याहून चांगलं मला शिकवता येत नाही.

आता मोठ्या कंपनीत हे काम आयटी विभाग करतो, त्यांना सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आपल्या पूनम सागरमध्ये सोसायटीच्या तळमजल्यावर दोन गाळे, तीन-चार मशीन, एक वायफाय. इथे अ‍ॅडमिन म्हणजे शटर उघडणारा माणूसच. हार्डवेअरवाला मुलगा येऊन सीडी-पेनड्राइव्ह घालतो, तो अ‍ॅडमिन नाही. निर्णय तुमचा, पासवर्ड तुमचा, नुकसानही तुमचंच.

पहिलं काम वही-पेनाचं

मशीनला हात लावायच्या आधी एक पान घ्या. प्रत्येक कॉम्प्युटरसाठी लिहा: प्रोसेसर कोणता, रॅम किती, त्यावर कोणतं सॉफ्टवेअर चालतं, कोणता प्रिंटर लागलाय, आणि तो बंद पडला तर दुकान किती तास चालू शकतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या स्टेशनरी आणि प्रिंटिंगच्या दुकानात चार मशीन आहेत. काउंटरचं मशीन बंद पडलं तर अर्ध्या तासात रांग लागते. मागच्या खोलीतलं टायपिंगचं मशीन दोन दिवस बंद राहिलं तरी चालतं. मग नवं विंडोज आधी कुठे चढवायचं? मागच्या खोलीत. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. उत्साहात.

विंडोज ११ ला लागतं काय? ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हे कागदावरचं किमान. प्रत्यक्षात ८ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर काउंटरवर बसलेली मुलगी तुम्हाला शिव्या देईल. खरी अडचण दुसरीकडे आहे. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट, आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा, किंवा त्यानंतरचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकटचं अ‍ॅप चालवा, ते हो की नाही सांगतं. "टीपीएम नाही" असं आलं तर लगेच मशीन भंगारात काढू नका. बऱ्याच बोर्डांवर ते असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने शोधा. प्रोसेसर जुना असेल तर मात्र इलाज नाही.

इथेच एक फसवणूक चालते. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्यायला गेलात की "आय ५ आहे सर, एकदम फास्ट" असं सांगतात. आय ५ ला काही अर्थ नाही, पुढचा आकडा विचारा. ६५०० म्हणजे सहावी पिढी, ७५०० म्हणजे सातवी, ८५०० म्हणजे आठवी. पहिल्या दोघांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. "आम्ही बायपास करून बसवून देतो" म्हणतील. बसतं, खोटं नाही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण हा सगळा खटाटोप अपडेटसाठीच करतोय ना? घरी मुलाच्या अभ्यासाला ठीक आहे. ज्यावर जीएसटी आणि बँक उघडता त्याला नको.

मशीन बसत नसेल आणि नवं घ्यायला आत्ता पैसे नसतील तर दोन वाटा. एक, पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट, ज्याला ईएसयू म्हणतात. घरगुती वापरासाठीची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. धंद्याच्या मशीनसाठी वेगळी, पहिल्या वर्षाला ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. तिन्ही वर्षांचे मिळून एका मशीनचे ४२७ डॉलर होतात. त्यात चांगला रिफर्बिश्ड आठव्या पिढीचा डेस्कटॉप येतो आणि वर पैसे उरतात. म्हणून मी ही वाट फक्त एका परिस्थितीत सांगतो: एखादं जुनं मशीन दुसऱ्या महागड्या यंत्राला जोडलेलं आहे, आणि ते यंत्र नव्या विंडोजवर चालत नाही. दुसरी वाट लिनक्स. ज्या मशीनवर फक्त ब्राउझर, ईमेल आणि साधं टायपिंग चालतं तिथे लिनक्स मिंट टाका, जुनं मशीनसुद्धा पळतं. माझ्या मागच्या खोलीतल्या सहाव्या पिढीच्या मशीनवर तेच आहे. पण टॅली त्यावर थेट चालत नाही, हे आधी समजून घ्या.

लायसन्स

खरं विंडोज १० असलेल्या आणि नियमात बसणाऱ्या मशीनला विंडोज ११ फुकट मिळतं. दोन-तीनशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या 'की' घेऊ नका, त्या कुणाच्या आहेत आणि किती दिवस चालतील हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि "अ‍ॅक्टिव्हेट करून देतो, फक्त अँटिव्हायरस बंद करतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. तुमच्या बँकेचा पासवर्ड टाइप होणारं मशीन आहे ते.

होम घ्यायचं की प्रो? दोन मशीनच्या दुकानाला होम पुरतं. पाच-सहा मशीन असतील, किंवा घरून दुकानाच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने बसायचं असेल, तर प्रो.

तारीख ठरवणं

धंदा सांभाळून हे काम करायचं तर कॅलेंडर आधी बघा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख असते; तिमाहीवाल्यांना महाराष्ट्रात १३ आणि २२. म्हणून ८ ते २२ या दिवसांत मशीनला हात लावायचा नाही. गणपती, दिवाळी, शाळा उघडण्याचा जून, हे तर बोलायलाच नको. मी २३ तारखेनंतरची दुकानाची सुट्टी धरतो आणि आदल्या संध्याकाळी सुरुवात करतो.

अपग्रेड केल्यावर दहा दिवसांपर्यंत परत विंडोज १० वर जाता येतं: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. पण २३ ला सुरू केलं तर दहा दिवस २-३ तारखेलाच संपतात आणि खरी परीक्षा ११ तारखेला असते! यावर उपाय आहे. ही मुदत कमांडने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. आयटीवाल्याला "ओएस अनइन्स्टॉल विंडो वाढवून दे" एवढं म्हटलं की कळतं. मात्र ती दहा दिवस संपायच्या आत वाढवायची, आणि 'डिस्क क्लीनअप' करून जुनं विंडोज उडवायचं नाही. मग ११ आणि २० दोन्ही तारखा पहिल्या मशीनवर सुखरूप पार पडल्या की पुढच्या मशीनकडे वळा.

एकेक मशीनच का? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकचा एक बिघडलेला अपडेट जगभर एकदम गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशोबाने ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे महाग पडलं ते आपल्याला परवडणारं नाही. तसंही, बिलबुक छापून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. मी दुसऱ्यांना बिलबुकं छापून देतो आणि माझ्याकडे त्या दिवशी एकही नव्हतं.

आता माझी फजिती

दोन काउंटर मशीन मी एका शुक्रवारी रात्री एकदम बदलली. एकावर अपग्रेड केलं, दुसरं फार हळू झालं होतं म्हणून साफ फॉरमॅट करून नवं टाकलं. सकाळी सगळं सुरू झालं, वॉलपेपरसुद्धा छान दिसत होता. पहिलं गिऱ्हाईक आलं, बिल दाबलं, आणि थर्मल प्रिंटरमधून काही येईना. ड्रायव्हर बसला होता, टेस्ट पेज निघत होतं. दोन तासांनी कळलं की बिलिंग सॉफ्टवेअर प्रिंटरला नावाने ओळखतं, आणि नव्या विंडोजने त्याच्या नावापुढे 'कॉपी १' लावलं होतं. नाव पूर्ववत केलं, बिलं निघाली. म्हणून जुन्या मशीनवरच्या प्रिंटर सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा: नाव, पोर्ट, कागदाचा आकार. बारकोड लेबलवाल्यांनी लेबलचं माप मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, नाहीतर अर्धा रोल वाया जातो. डॉट मॅट्रिक्स अजून वापरत असाल तर ड्रायव्हर आधी शोधा, मग अपग्रेड करा.

दुसरी भानगड उशिरा कळली आणि म्हणून जास्त महागात पडली. फॉरमॅट केलेल्या मशीनवर मी घाईत इंग्लिश युनायटेड स्टेट्स निवडलं होतं. मुलीने उधारीच्या एक्सेलमध्ये ५-४ लिहिलं, म्हणजे ५ एप्रिल. मशीनने समजून घेतलं ४ मे. आणि १२ च्या पुढची तारीख आली की तो महिना असू शकत नाही म्हणून मशीन तिला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर धरतं. तीन आठवडे तारखेप्रमाणे लावलेली यादी चुकीची होती. ज्यांनी पैसे द्यायला अजून वेळ होता त्यांना मी तगादा लावला, आणि ज्यांची मुदत उलटली होती ते निवांत. एक जुने गिऱ्हाईक, शाळेचे शिक्षक, दुखावले ते दुखावलेच. तेव्हा फॉरमॅट केल्यावर पहिलं काम: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, आणि रीजनल फॉरमॅट इंग्लिश इंडिया. आकड्यांचे स्वल्पविरामही मग लाख-कोटीप्रमाणे पडतात. इंग्लिश इंडिया कीबोर्ड जोडलात तर उजवं ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्हही येतं.

मराठी टायपिंगवाल्यांसाठी आणखी. आमच्याकडे गणपती मंडळांची पावती पुस्तकं आणि सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेआधी सोसायट्यांच्या नोटिसा यांची जुनी शेकडो फायली आहेत, श्रीलिपी आणि कृतीदेवमध्ये. या फाँटमध्ये अक्षरं युनिकोड नसतात; फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की चिनी जादूटोणा दिसतो. फॉरमॅटच्या आधी फाँटचा फोल्डर वेगळा कॉपी करा आणि ज्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतो त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर आहे का ते कंपनीला विचारा. नवीन काम मात्र युनिकोडमध्येच सुरू करा. लँग्वेजमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. मंगल फाँट सापडत नाही म्हणून घाबरू नका, मराठी भाषा जोडल्यावर पूरक फाँटसोबत तो येतो.

टॅली, टोकन आणि जुनं डॉसवालं

टॅली असेल तर फॉरमॅटच्या आधी लायसन्स 'सरेंडर' करायचं, मग नव्यावर परत चालू करायचं. विसरलात तर लायसन्स जुन्या मशीनच्या नावावर अडकतं आणि रीसेट करून घेत बसावं लागतं. डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीतच बघून लिहून घ्या. "डी ड्राइव्हमध्ये असेल" यावर विसंबू नका. जीएसटी कायद्याने हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचा असतो, म्हणजे गेलेला डेटा हे नुसतं धंद्याचं दुखणं राहत नाही.

कंपनी किंवा एलएलपी असेल तर सहीचं यूएसबी टोकन लागतं. त्याचा ड्रायव्हर आणि एमसाइनर हे दोन्ही नव्या मशीनवर बसवून, पोर्टलवर टोकन ओळखलं जातंय का हे २५ तारखेलाच बघा. एकट्या मालकाच्या धंद्याला ओटीपीने काम भागतं.

आणि कुणाकडे अजून डॉसवरचं बिलिंग असेल (मीरा-भाईंदरमध्ये मी आजही पाहिलंय, हार्डवेअरच्या दुकानात) तर लक्षात घ्या, विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे आणि त्यात असे जुने प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. डेटा काढून नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याची वेळ आलीये. तोवर ते मशीन ठेवा, पण इंटरनेटची वायर काढून.

खातं कुणाच्या नावाचं?

हा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवलाय, कारण यात माझ्या एका विद्यार्थिनीचं नुकसान झालं. तिचं कपड्यांचं छोटं दुकान. नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ होमला सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, तर सेटिंग करून देणाऱ्याने वेळ वाचवायला स्वतःचा ईमेल टाकला. अशा लॅपटॉपवर डिस्कला आपोआप कुलूप लागतं, आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी बायोसचा अपडेट झाला, आणि निळ्या स्क्रीनवर मशीनने ४८ आकडे मागितले. तो मुलगा गावी, फोन लागत नाही. लग्नसराईची सगळी मागणी, कुणाचा किती अ‍ॅडव्हान्स, सगळं त्या लॅपटॉपमध्ये. चार दिवसांनी तो सापडला, खातं उघडलं, की मिळाली. नसता सापडला तर डेटा मायक्रोसॉफ्टलाही काढून देता आला नसता. ते कुलूप त्यासाठीच असतं.

आजच बघा: सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा, तिथे कुणाचा ईमेल आहे? दुसऱ्याचा असेल तर बदला. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल तर की कागदावर छापा आणि घरी सोनं-कागदपत्रं ठेवता तिथे ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नाही.

काउंटरवर बसणाऱ्यांना वेगळं 'स्टँडर्ड' खातं द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. मग कुणी चुकून काही डाउनलोड केलं तरी ते पासवर्डशिवाय सहसा इन्स्टॉल होत नाही. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं आमच्याकडे विचारलं गेलंच. मी सांगितलं, रोजच्या कामाला मीसुद्धा स्टँडर्ड खातंच वापरतो. आणि खरंच वापरतो.

बॅकअपचं एवढंच: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. पेनड्राइव्ह मशीनला कायम लावून ठेवलात तर तो बॅकअप नाही, घाना आठवा. बॅकअपमधून एक फाइल परत उघडूनही बघा. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ब्राउझरमधले पासवर्ड हे तिन्ही लोक हमखास विसरतात.

प्रत्यक्ष अपग्रेडच्या वेळी यूपीएस चालू असू द्या. पावसाळ्यात तर मी हे काम टाळतोच. चार मशीनला चार वेळा डाउनलोड नको, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून एकदाच घ्या. नंतर विंडोज अपडेटमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' दुकानाच्या वेळेप्रमाणे लावा, म्हणजे संध्याकाळी सातच्या गर्दीत मशीन आपणहून रीस्टार्ट होणार नाही. सणासुदीत पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येतात. थांबवलेत तर परत सुरू करायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

जुनी मशीन विकायची किंवा भंगारवाल्याला द्यायची असतील तर 'रीसेट धिस पीसी' मधून 'क्लीन डेटा' चालू करून डिस्क पुसा. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. झेरॉक्सवाल्यांनी आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्या डिस्कवर आपल्या अर्ध्या कॉम्प्लेक्सची आधार आणि पॅन कार्डं आहेत. डिस्क चालूच होत नसेल तर मशीनमधून काढून घ्या आणि बाकीचं मशीन द्या. माझ्याकडे अशा तीन डिस्क ड्रॉवरमध्ये पडून आहेत. येत्या रविवारी त्यांना ड्रिलने भोकं पाडणार आहे, त्याचा छोटा व्हिडिओ टाकतो.